कोंडा खा, पण गोळी सोडू नका

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. पत्र लांब आहे, त्यातला महत्त्वाचा भाग देते.

"ह्यांचं वय ५४. पाच महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवला. तेव्हापासून मी घरातला मैदा बंद केला. ब्राउन ब्रेड, मल्टिग्रेन पीठ, ओट्सची बिस्किटं आणते. ह्यांनी कुठेतरी वाचून गव्हाचा कोंडा आणला आणि जे खातील त्यावर दोन-तीन मोठे चमचे घालून खातात, दिवसातून चार वेळा. गॅसेसने हैराण झालेत, पण ऐकत नाहीत. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आधी १४८ होतं, दोन महिन्यांपूर्वी तपासलं तर ७४. ह्यांचं म्हणणं, हे कोंड्यामुळे झालं, मग कोलेस्टेरॉलची गोळी कशाला? तीन आठवडे झाले, ती गोळी बंद आहे आणि 'डॉक्टरांना काही बोलू नकोस' असं मला बजावलं आहे. फायबरने खरंच हृदयाला फायदा होतो का? कुठलं धान्य घ्यावं? सासूबाईंना (वय ७८) बद्धकोष्ठ आहे, थायरॉइडची गोळी चालू आहे, त्यांनाही कोंडा द्यावा का? मुलं ब्राउन राइसला तोंड लावत नाहीत. आणि मुलगी विचारते आहे, पॉपकॉर्न चालतं का?"

ताई,

बाकीचं सगळं नंतर. आधी फोन उचला आणि गोळी बंद असल्याचं डॉक्टरांना कळवा. यजमान रागावले तर माझं नाव पुढे करा. आणि आणखी एक गोष्ट आजच बघा: त्यांनी फक्त कोलेस्टेरॉलची गोळी सोडली आहे की रक्त पातळ ठेवायच्या गोळ्याही? स्टेंट बसल्यावर पहिल्या वर्षात त्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद केल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते आणि तो प्रकार जिवावर बेततो. गोळ्यांची पाकिटं स्वतः हातात घ्या आणि किती उरल्यात ते मोजा. विचारून खरं उत्तर मिळेलच असं नाही, मोजून मिळतं.

आता त्यांच्या हिशेबाकडे येऊ. १४८ चे ७४ झाले, म्हणजे बरोबर निम्मे. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी नेहमीची गोळी, चांगल्या डोसमध्ये दिली की एलडीएल साधारण तेवढंच, पन्नास टक्क्यांच्या आसपास उतरतं. फायबरची ताकद किती, तर ओट्स किंवा जवातलं बीटा-ग्लुकन नावाचं विरघळणारं फायबर रोज ३ ग्रॅम पोटात गेलं, तर एलडीएल साधारण ५ ते ७ टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे नुसत्या फायबरच्या भरवशावर १४८ चे फार तर १३८-१४० झाले असते. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाचं एलडीएल निदान ७० च्या खाली असावं असं डॉक्टर धरतात, आणि बरेच हृदयरोगतज्ज्ञ आता ५५ च्या खाली न्यायला बघतात. १४० वरून तिथे नुसत्या खाण्याने पोचता येत नाही. स्टॅटिन बंद केली की एलडीएल काही आठवड्यांत आपल्या जुन्या जागी परत येतं. तुमच्या घरात तीन आठवडे उलटून गेलेत, म्हणजे ते आत्ता बहुधा वरच असेल, आणि यजमानांना त्याचा पत्ताही नसेल, कारण वाढलेलं कोलेस्टेरॉल दुखत नाही, खुपत नाही.

आणि गंमत अशी की त्यांनी निवडलेला कोंडा कोलेस्टेरॉलसाठी मुळात कामाचाच नाही. इथे जरा सविस्तर सांगते, कारण दुकानातली निम्मी फसगत याच ठिकाणी होते.

आपण सरसकट 'फायबर' म्हणतो त्यात वेगवेगळ्या स्वभावाचे पदार्थ असतात. काही पाण्यात विरघळतात आणि बुळबुळीत, घट्टसर होतात. ओट्स शिजवल्यावर चमच्याला जो चिकट थर राहतो, किंवा इसबगोल पाण्यात टाकल्यावर पाच मिनिटांत ग्लासात जे जेलीसारखं होतं, ते हे. काही मात्र विरघळत नाहीत, फक्त पाणी धरून फुगतात. गव्हाचा कोंडा बहुतांश या दुसऱ्या जातीचा. तो मल मऊ आणि मोठा करतो, पुढे ढकलतो, पण एलडीएलला फारसा हात लावत नाही.

पहिल्या जातीचं फायबर एलडीएल कसं उतरवतं हे कळलं की कुठलं धान्य कशासाठी घ्यायचं ते आपोआप लक्षात येईल. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ल बनवतं. जेवणातली चरबी पचायला ती आतड्यात उतरतात आणि काम झालं की जवळजवळ सगळी, ९५ टक्क्यांच्या आसपास, आतड्याच्या शेवटच्या भागातून शोषली जाऊन यकृताकडे परत येतात. तीच पुन्हा वापरायची, असा शरीराचा काटकसरीचा कारभार. मध्ये बीटा-ग्लुकनचा किंवा इसबगोलचा चिकट लगदा आला की त्यात काही पित्ताम्ल अडकतात आणि शौचावाटे बाहेर जातात. तूट आली की यकृताला नवीन पित्ताम्ल बनवावी लागतात, त्यासाठी कोलेस्टेरॉल लागतं, आणि ते यकृत रक्तातल्या एलडीएलमधून ओढून घेतं. चिकटपणा हाच इथला खरा कामगार आहे. म्हणूनच ओट्सवर कारखान्यात इतकी प्रक्रिया झाली की बीटा-ग्लुकनच्या लांब साखळ्या तुटून गेल्या, तर पाकिटावरचा आकडा तोच राहतो पण परिणाम बराच उतरतो. असे प्रयोग झालेले आहेत.

बीटा-ग्लुकनचे ३ ग्रॅम मिळायला किती ओट्स लागतात? कोरडे ६० ते ८० ग्रॅम, म्हणजे मोठी वाटी भरून. जवात बीटा-ग्लुकन ओट्सइतकं किंवा जास्तच असतं, आणि जव चावायलाही छान लागतात. लोक त्यांना का विसरलेत मला कळत नाही. सूपमध्ये, भाजीत, तांदळात मिसळून कसेही खपतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली ओट्सच्या पाकिटांवर हृदयविकाराचा धोका कमी होण्याचा दावा छापायला परवानगी दिली, ती रोजच्या याच ३ ग्रॅमच्या हिशेबावर. पुढच्या वर्षी इसबगोललाही तशीच परवानगी मिळाली. पण परवानगी मिळाली आणि बाजारात ज्या-त्या वस्तूवर ओट्सचं चित्र आलं, ही त्याची दुसरी बाजू.

तुम्ही बिस्किटांच्या पाकिटावरचा मजकूर उतरवून पाठवलात, ते फार बरं केलंत. मैदा, साखर, पामतेल, ओट्स १२ टक्के, मग इतर बारीकसारीक. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणजे त्यात सगळ्यात जास्त मैदा, मग साखर, मग तेल. हिशेब करू. १०० ग्रॅम बिस्किटांत १२ ग्रॅम ओट्स, त्यात बीटा-ग्लुकन अर्ध्या ग्रॅमच्या जवळपास. ३ ग्रॅम हवे असतील तर रोज सहाशे ग्रॅम बिस्किटं खावी लागतील. त्यासोबत येणारं पामतेल एलडीएल वाढवतं ते वेगळंच. ही बिस्किटं आवडतात म्हणून कधीमधी खायची असतील तर खा. हृदयासाठी म्हणून आणू नका.

पाकिटावर यादीखाली पोषणाचा तक्ता असतो, त्याकडेही बघायची सवय लावून घ्या. तुमच्या बिस्किटांत १०० ग्रॅमला कर्बोदकं ६८ ग्रॅम आणि फायबर ४ ग्रॅम. कर्बोदकांना फायबरने भागा. उत्तर दहा किंवा त्याहून कमी आलं तर वस्तू बरी. इथे सतरा येतं. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये 'होल ग्रेन' म्हणजे अख्खं धान्य ओळखायच्या वेगवेगळ्या रीती तपासल्या, तेव्हा हा दहाला एकाचा नियम उजवा ठरला, पाकिटावरच्या शिक्क्यांपेक्षाही. त्या नियमात बसणाऱ्या वस्तूंत साखर, मीठ आणि ट्रान्स फॅटही कमी सापडले. तुमच्या ब्राउन ब्रेडवर कर्बोदकं ४९ आणि फायबर ३ लिहिलंय, म्हणजे तोही बाद. ब्रेडचा तपकिरी रंग जळक्या साखरेनेही येतो. यादीत पहिलं नाव 'अख्ख्या गव्हाचं पीठ' किंवा 'होल व्हीट' असं हवं; नुसतं 'गव्हाचं पीठ' लिहिलं असेल तर तो मैदाही असू शकतो. मल्टिग्रेनबद्दल काय सांगू! सात धान्यांचा मैदा केला तरी तो मल्टिग्रेनच. त्या नावात धान्यं किती ते कळतं, त्यांची सालं शिल्लक आहेत की नाहीत ते कळत नाही.

सालं का महत्त्वाची, तर गव्हाच्या दाण्याचे तीन भाग असतात. बाहेरचा कोंडा वजनाने १४ टक्क्यांच्या आसपास, अंकुर जेमतेम तीन टक्के आणि बाकी सगळा आतला पांढरा पिठूळ गर. फायबर, ब जीवनसत्त्वं, मॅग्नेशियम, लोह यांचा मोठा वाटा कोंड्यात आणि अंकुरात असतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी लोखंडी रोलरच्या गिरण्या आल्या आणि हे दोन्ही भाग झटक्यात वेगळे करता येऊ लागले. अंकुरातल्या तेलामुळे पीठ खवट होतं. ते तेल गेलं की पीठ महिनोन्‌महिने टिकतं. व्यापाराच्या दृष्टीने सोयीचंच झालं. १०० ग्रॅम कणकेत ११ ग्रॅमच्या आसपास फायबर असतं, तेवढ्याच मैद्यात जेमतेम ३.

आता तुमचा मूळ प्रश्न: हृदयाला खरंच फायदा होतो का? होतो असं मी म्हणेन, पण मला त्यातली गुंतागुंतही तुमच्यापुढे ठेवायची आहे, कारण यजमानांसारखी माणसं अर्ध्या बातमीवर निर्णय घेतात.

लंडनमध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरांनी बसवरचे कर्मचारी आणि बँकेतले नोकरदार अशा ३३७ मध्यमवयीन पुरुषांच्या आहाराची नोंद ठेवली आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. १९७७ मध्ये निष्कर्ष छापून आला: ज्यांच्या खाण्यात धान्याचं फायबर जास्त होतं त्यांना हृदयविकार कमी झाला. नवल म्हणजे फळं-भाज्यांच्या फायबरचा तसा संबंध दिसला नाही, धान्याच्याच दिसला. त्याच दशकात आफ्रिकेत काम केलेले डेनिस बर्किट आणि ह्यू ट्रॉवेल हे डॉक्टर सांगत होते की चोथा असलेलं अन्न खाणाऱ्या तिथल्या लोकांत हे आजार त्यांना क्वचितच दिसले. नंतर मोठमोठे अभ्यास झाले. २०१९ साली न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १८५ दीर्घकालीन अभ्यास आणि ५८ चाचण्या एकत्र पाहिल्या आणि 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापला. सगळ्यात जास्त फायबर खाणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात, दुसऱ्या प्रकारचा मधुमेह, मोठ्या आतड्याचा कर्करोग हे सगळं सगळ्यात कमी खाणाऱ्यांपेक्षा १५ ते ३० टक्के कमी, आणि फायदा दिवसाला २५ ते २९ ग्रॅमच्या टप्प्यात सर्वांत ठळक.

हे वाचून कोणीही कोंड्याची पिशवी आणेल. पण याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच एक चाचणी छापून आली होती. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले २०३३ पुरुष, म्हणजे तुमच्या यजमानांसारखाच धमन्यांत आधीच आजार असलेले. त्यांतल्या काहींना धान्याचं फायबर वाढवायला सांगितलं, आणि त्यांनी ते जवळपास दुप्पट केलंही. दोन वर्षांनंतर त्यांच्यातले मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. दोन वर्षं हा काळ लहान आहे, हे खरं. आहाराचा परिणाम दशकांत मोजायचा असतो, हेही खरं. पण ज्याच्या धमन्यांत आधीच आजार आहे त्याने नुसत्या कोंड्यावर विसंबू नये, एवढं त्यातून नक्की निघतं. २०१७ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यातही अख्ख्या धान्याच्या चाचण्या लहान आणि थोड्या दिवसांच्या आहेत, त्यावरून हृदयविकार टळतो असं ठामपणे म्हणता येत नाही, असंच सांगितलं होतं.

मग लोकांवरच्या दीर्घ अभ्यासांत फरक दिसतो तो का? एक कारण उघड आहे. अख्खं धान्य खाणारी माणसं बऱ्याचदा चालतात जास्त, सिगरेट ओढत नाहीत, तपासण्या करून घेतात. संशोधक हे हिशेबातून वजा करतात, पण सगळंच वजा होतं असं नाही. दुसरं कारण मला जास्त पटतं. जेवणात अख्खं धान्य आलं की काहीतरी बाहेर जातं: मैदा, साखर, तळलेलं. पोट लवकर भरतं, वजन थोडं आटोक्यात राहतं, रक्तातली साखर एकदम उसळत नाही, रक्तदाबही किंचित उतरतो. मोठ्या आतड्यातले जीवाणू काही फायबर आंबवून लहान साखळीची मेदाम्लं बनवतात, ती आतड्याच्या अस्तराला पोसतात. या सगळ्याची बेरीज हळूहळू होत जाते. तुमचे यजमान मात्र आधीचं जेवण तसंच ठेवून त्यावर कोंडा भुरभुरवतात. त्यात काहीच बाहेर जात नाही. फायबर मैद्याची जागा घेऊ शकतं, गोळीची नाही.

गोळीसोबत घेतलं तर मात्र ते चांगलं काम करतं. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर एलडीएल आणखी सहाएक टक्क्यांनीच उतरतं; हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक असतं. स्टॅटिनच्या जोडीला इसबगोल दिलं, तर जी जादा घट मिळते ती जवळपास तेवढी भरते. म्हणजे तुमच्या यजमानांचं ७४ गोळी आणि विरघळणारं फायबर मिळून ७० च्या घरात येऊ शकेल. त्यांना हे असं सांगून बघा: "तुमचा फायबरचा आग्रह बरोबर आहे, फक्त जात बदला आणि गोळी चालू ठेवा." हट्टी माणसाला अर्धं बरोबर ठरवलं की उरलेलं अर्धं तो ऐकतो, असा माझा अनुभव आहे. आणि गोळीने अंग दुखतं, थकवा येतो अशी काही तक्रार असल्यामुळे त्यांनी कोंड्याचं निमित्त केलं नाही ना, तेही विचारा. तसं असेल तर डॉक्टर डोस किंवा गोळी बदलून देतात. लपवून बंद करण्यापेक्षा ते किती सोपं.

गॅसेसचं कारण त्यांच्या चमच्यांतच आहे. मोठा चमचाभर कोंडा साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरतो आणि त्यातलं जवळपास निम्मं फायबर असतं. दिवसाला दहा चमचे म्हणजे १५ ग्रॅम फायबर, तेही सवय नसलेल्या आतड्यावर रातोरात टाकलेलं. जीवाणूंना नवीन खाद्याची सवय व्हायला काही आठवडे लागतात. कोंडा थेट दोन चमच्यांवर आणा आणि बाकीचं फायबर जेवणातून येऊ द्या. वाढवायचं ते आठवड्याला पाचएक ग्रॅमने, पाण्यासोबत. शिवाय नुसता कच्चा कोंडा भरमसाट खाल्ला की त्यातलं फायटेट नावाचं द्रव्य जेवणातलं लोह, जस्त, कॅल्शियम धरून ठेवतं. हे दोन चमच्यांना लागू नाही, पण दहाला लागू होतं.

इसबगोल सुरू करायचं तर डॉक्टरांच्या कानावर घालून करा. एक छोटा चमचा, भरलेल्या ग्लासात ढवळून लगेच पिऊन टाकायचा. कोरडं तोंडात टाकायचं नाही, ते घशातच फुगतं. बाकीच्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळ्यांचं शोषण कमी होऊ शकतं. यजमानांच्या हृदयाचं पंपिंग कमी असल्यामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर मग इसबगोल आणि कोंडा दोन्ही त्यांना विचारल्याशिवाय नको. पाण्याविना फायबर आतड्यात गच्च बसतं. पत्रात तुम्ही पाण्याबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

दिवसाचे २५-३० ग्रॅम भरायला खटाटोप लागत नाही. सकाळी ५० ग्रॅम ओट्स शिजवले की ५ ग्रॅम आले. खऱ्या होल व्हीट ब्रेडच्या दोन स्लाइस, ४. शिजवलेल्या डाळीची किंवा राजम्याची मोठी वाटी, ९ ते १०. मला विचाराल तर फायबरच्या बाबतीत डाळी-कडधान्यं धान्यांच्या पुढे आहेत, आणि त्यांतही विरघळणारं फायबर असतंच. सालासकट एक सफरचंद, ४. दोनशे ग्रॅम भाज्या, ५. मूठभर बदाम, ३. बेरीज तिशीला पोचली, आणि त्यात कोंड्याचा एकही चमचा नाही. ओट्स घेताना साधे जाड ओट्स घ्या. चव घातलेल्या झटपट पाकिटांत मीठ किंवा साखर असते आणि ओट्स इतके बारीक असतात की रक्तातली साखर भरभर चढते. ज्वारी, बाजरी, नाचणी ही धान्यं सालासकट खाल्ली जातात म्हणून चांगलीच, फक्त बीटा-ग्लुकनची अपेक्षा त्यांच्याकडून करू नका.

सासूबाईंचं प्रकरण वेगळं. बद्धकोष्ठाला गव्हाचा कोंडा खरोखर लागू पडतो, म्हणजे यजमानांचा कोंडा खरं तर आईंच्या उपयोगाचा! पण ७८ व्या वर्षी एका छोट्या चमच्याने सुरुवात, शिजवलेल्या मऊ पदार्थात मिसळून, आणि दिवसभरात पाणी पोटात जातंय ना याकडे लक्ष. त्यांना गिळताना त्रास होत असेल तर इसबगोलच्या वाटेला जाऊ नका. थायरॉइडची गोळी सकाळी उठल्यावर अनशापोटी साध्या पाण्यासोबत, आणि नाश्ता निदान अर्ध्या-एक तासाने. कोंडा तर सकाळी नकोच, दुपारी किंवा रात्री द्या. कोंडा या गोळीचं शोषण कमी करतो. त्या आत्तापर्यंत नाश्त्यासोबतच गोळी घेत असतील तर वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा, कारण मग डोस पुन्हा जुळवावा लागू शकतो. आणि हे बद्धकोष्ठ जुनं आहे की गेल्या काही महिन्यांतलं? नव्याने सुरू झालं असेल, शौचात रक्त दिसत असेल किंवा वजन उतरत असेल, तर कोंडा बाजूला ठेवा आणि आधी तपासणी करून घ्या.

मुलांच्या मागे ब्राउन राइस घेऊन धावू नका. फायबरच्या दृष्टीने तो तसा साधारणच आहे. कच्च्या १०० ग्रॅमला साडेतीन ग्रॅम, पांढऱ्यात एक-सव्वा. त्याच्या कोंड्यात आर्सेनिक हे विषारी द्रव्यही पांढऱ्यापेक्षा जास्त उतरतं, म्हणून रोज तिन्ही त्रिकाळ तोच खावा असं मी कोणालाच सांगत नाही. मुलांना पांढरा भात खाऊ दे, वर डाळ-कडधान्य भरपूर वाढा, आणि अधूनमधून तांदळात एक तृतीयांश जव मिसळून शिजवा. जव आधी काही तास भिजवले तरच ते भाताबरोबर शिजतात, नाहीतर दाताखाली टचटच येतात आणि मुलांना ताट सरकवायला निमित्त मिळतं.

गोळी पुन्हा सुरू झाल्यावर डॉक्टर बहुधा दीड-दोन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, करायला सांगतील. तोवर यजमान काय खातात ते एका कागदावर लिहून ठेवा, आणि तो कागद तपासणीच्या दिवशी सोबत न्या. एलडीएलमधली कुठली घट गोळीची आणि कुठली जवाची, यावर घरात वाद घालण्यापेक्षा तो डॉक्टरांसमोर घाला.

आणि लेकीला सांगा, पॉपकॉर्न चालतं. मका फुलवला तरी तो सालासकट अख्खं धान्यच राहतो, पंचवीस ग्रॅमच्या मोठ्या वाडग्यात साडेतीन ग्रॅम फायबर येतं. घरी, थोड्या तेलावर, मीठ बेताने. लोणी आणि कॅरमेलवालं नाही. बाबांनाही त्यातलं वाडगाभर दिलं तरी हरकत नाही, वर कोंडा न घालता.